पुर्ज्यांचा हंगाम

दिवाळीचे आकाशकंदील काही गॅलऱ्यांत अजून लटकत असतात, त्यांचा कागद उन्हानं फिका पडलेला असतो, आणि यवतमाळच्या रस्त्यांवर कापूस दिसू लागतो. गाड्यांवर भरलेला, ताडपत्रीखालून फुगून बाहेर आलेला, आणि गाडी निघून गेल्यावर मागे उरलेला. वळणावळणावरच्या बाभळी दरवर्षी आपला वाटा काढून घेतात आणि मग कितीतरी दिवस पांढरे पुंजके मिरवत उभ्या राहतात. मला हा महिना फार आवडतो. सकाळी गारवा, दुपारी चटका आणि हवेत सरकीचा जरासा तेलकट वास. असा काही वास येतच नाही, असं मला बाहेरगावचे लोक सांगतात. नसेल येत. त्यांचं नाक त्यांच्यापाशी.

काल नेरच्या एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातून, फोन आला. कापसातला ओलावा पावतीवर जिथे छापला जातो ती जागा त्यांना यंदा बदलून हवी होती, आणि कपातीचा हिशेबही किंचित वेगळा. मी लॅपटॉप उघडला, एका ठिकाणी बदल केला आणि चहावर साय धरायच्या आत तो बदल नेरला पोहोचला, मारेगावला पोहोचला, आमच्या बाकीच्या सगळ्या वजनकाट्यांवर पोहोचला. समोर नीता कच्चा चिवडा कालवत बसली होती. तिनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. इतकं सहज झालं हे सगळं की मला थोडा रागच आला. एका हंगामात याच कामानं आम्हा दोघींना रडकुंडीला आणलं होतं, आणि आता त्याची साधी दखलही कुणी घेत नाही.

नीता आणि मी यवतमाळच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो. ती नेरकडची, घरी कापूस, सोयाबीन, तूर. मी त्याच तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरची, राठोडांची. घरी गोरबोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि कॉम्प्युटरपुढे इंग्रजी असं माझं लहानपणापासून चालत आलेलं, त्यामुळे नवीन भाषा शिकायची म्हटलं की लोकांना येतो तो घाम मला कधी आला नाही. शिक्षण झाल्यावर वर्गातली मुलं पुण्याला गेली. आम्ही बसस्टँडजवळ एका कृषी केंद्राच्या डोक्यावर एक खोली घेतली. खाली बियाणं आणि फवारणीच्या औषधांचा वास, वर आम्ही दोघी, दोन कॉम्प्युटर आणि एक टेबलफॅन.

काम साधं होतं. जिनिंगच्या दारात मोठा काटा असतो. कापसानं भरलेली गाडी त्यावर चढते, वजन होतं. मग ती आत रिकामी होते आणि परत काट्यावर येते. दोन वजनांतला फरक म्हणजे कापूस. त्यातून ओलाव्यापोटी ठरलेलं वजन वजा करायचं आणि कापूस आणणाऱ्या कास्तकाराच्या हातात पावती द्यायची. हे सगळं करणारा प्रोग्राम आम्ही आधी नेरसाठी लिहिला. मग दारव्ह्याहून मागणी आली, तेव्हा नेरचं फोल्डर उचललं, कॉपी केलं आणि दारव्ह्याला लागेल तसं बदललं. मग दारव्ह्याचं कॉपी करून राळेगावचं. फोल्डरांची नावंसुद्धा आमच्या घाईची साक्ष देणारी होती: नवीन, नवीन फायनल, फायनल हेच, आणि एकाचं तर नीतानं वैतागून ‘आता हात लावू नये’ असं ठेवलं होतं. नेरमध्ये चूक सापडली की ती नेरमध्ये दुरुस्त व्हायची आणि राळेगावला सुखानं नांदत राहायची.

त्या वर्षी मारेगावचं काम मिळालं. तोवरचं सगळ्यांत मोठं. जिनिंगचे मालक राऊतकाका, उंच, सावळे, कमी बोलणारे. दसऱ्याला त्यांच्याकडे खरेदीचा मुहूर्त होता. आमच्याकडे मुहूर्ताला पहिली गाडी आणणाऱ्या कास्तकाराचा सत्कार होतो, काट्याची पूजा होते, पेढे वाटले जातात. पहिल्या कास्तकाराला शेला आणि नारळ दिला, त्याच्या कपाळावर गुलाल लावला, आणि आमच्या प्रोग्राममधून निघालेली पहिली पावती त्याच्या हातात देऊन सगळे फोटोसाठी उभे राहिले. त्यानं पावती डोळ्यांजवळ नेली. वर ठळक अक्षरांत नेरच्या जिनिंगचं नाव आणि पत्ता होता.

“काका, मी तं नेर पाह्यलंबी नाही,” तो म्हणाला.

सगळे हसले. मंडपातला ढोलवालाही हसला. मी पण हसायचा प्रयत्न केला, पण ते हसू काही तोंडावर बसेना. राऊतकाका हसले नाहीत. गर्दी पांगल्यावर त्यांनी मला काट्याच्या केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, आज मुहूर्त व्हता म्हणून लोकं हासले. दिवाळीनंतर गाड्यायची रांग सडकेवर लागते, तवा कोणी हासत नाही. तोवर बरोबर करा. नाई तं मले नागपूरवाल्याले बलवा लागन.”

आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही थोडं भांडता आलं असतं.

मारेगाव हातचं गेलं असतं तर ऑफिस चालणार नव्हतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. आणि माझ्यापुढे आणखी एक गोष्ट होती. पुण्याच्या एका कंपनीनं मला घेतलं होतं. तिथल्या एका मैत्रिणीनं माझा अर्ज दिला, मी फोनवर मुलाखत दिली, आणि त्यांनी दिवाळीनंतर रुजू व्हा म्हणून कळवलं. तांड्यावर बापूनं, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही बातमी आधीच सगळ्यांना सांगून टाकली होती. मी त्याला म्हटलं, मारेगाव टिकलं तर मी इथेच राहणार, नाही टिकलं तर तू म्हणशील त्या गाडीत बसेन. तो बरं म्हणाला, पण माझ्यासाठी चाकांची बॅग आणून ठेवली. आमच्या वंशानं पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख पालथा घातलेला. जायला आम्ही घाबरत नाही. पण जायचं तर आपल्या मर्जीनं जायचं, चुकीच्या पावतीमुळे नाही.

चूक कुठे आहे हे मला समजत होतं, तिचं नाव समजत नव्हतं. एकदा लिहिलेला तुकडा न बदलता दहा ठिकाणी वापरता यावा, असं काही शास्त्र जगात असणारच आणि त्याची पुस्तकंही असणार. नीता म्हणाली, व्हिडिओ पाहू. पाहिले. बोलणारा माणूस घाईत असायचा आणि त्याचं उदाहरण नेमकं तिथे संपायचं जिथे आमचा त्रास सुरू व्हायचा. आज तर यंत्रालाच विचारता येतं, आणि ते उत्तरही देतं, मीही विचारते. पण विचारायला आधी प्रश्न ठाऊक लागतो. चांगलं पुस्तक आपल्याला न सुचलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन जातं. त्या हंगामात माझ्याकडे प्रश्नच नव्हता, नुसती धग होती. म्हणून मी पुस्तक शोधायला निघाले.

यवतमाळात पुस्तकांची दुकानं आहेत. त्यातल्या पुस्तकांना मात्र नोकरी लागायची घाई आहे. तलाठी भरती, पोलीस भरती, वनरक्षक, जिल्हा परिषद. सुधाकरभाऊंचं दुकान त्यातल्या त्यात मोठं. मी त्यांना सांगितलं, प्रोग्रामिंगचं पुस्तक हवं, पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या भागांवरचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला.

“जुनं पुस्तक पायजे का? मंग तसं सांगा ना मॅडम, लाजता काहून?”

आणि अर्ध्या किमतीत विकायला आलेली बारावीची पुस्तकं माझ्यासमोर रचायला लागले. मी परत समजावलं. पुस्तक पुन्हा वापरायचं नाही, पुस्तकात सांगितलेले भाग पुन्हा वापरायचे, सुटे भाग, पार्ट. “पार्ट” म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी माझा नंबर लिहून घेतला. थोड्या दिवसांनी आनंदानं फोन आला, तुमचं सुट्या पार्टचं पुस्तक आलं. मी धावत गेले. ते ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं पुस्तक होतं, चांगलं जाडजूड, आकृत्यांसकट. माझ्यासाठी त्यांनी खास मागवलेलं. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही, मी घेतलं.

ते आजही माझ्या टेबलावर आहे, आणि गंमत म्हणून नाही. त्यात प्रत्येक भागाखाली लिहिलेलं आहे, हा कोणत्या मॉडेलला बसतो आणि कोणत्याला बसत नाही. न बसणाऱ्यांची नावं तेवढीच स्पष्ट. आम्ही पुढे आमच्या प्रत्येक तुकड्यासाठी असंच पान लिहायला लागलो: कुठे बसतो, कुठे बसवू नका. अशा तुकड्यासाठीचा कंपोनंट हा इंग्रजी शब्द नीताच्या जिभेवर कधी नीट बसला नाही. त्या पुस्तकामुळे तिनं त्याला पुर्जा म्हणायला सुरुवात केली आणि आमच्या ऑफिसात तोच शब्द कायमचा झाला. काट्याचा पुर्जा, ओलाव्याचा पुर्जा, पावतीचा पुर्जा. आजही कुणी नवीन मुलगी कामाला आली आणि कंपोनंट म्हणाली की नीता तिला पुर्जा म्हणायला लावते.

माझ्या आतेभावानं पुण्याहून दोन पुस्तकं एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ दिली. स्टँडवर मी ती हातात घेतली तेव्हा गठ्ठ्याला डिझेलचा वास होता आणि दोरी इतकी घट्ट की दातानं सोडावी लागली. एक पुस्तक परीक्षेसाठी होतं. व्याख्या, फायदे, तोटे, फरक स्पष्ट करा. पुन्हा वापरण्याचे फायदे वाचून मी डोकं धरून बसले, कारण फायदे मला पाठ होते, हात कुठे घालायचा तेच कळत नव्हतं. दुसरं परदेशी, गुळगुळीत कागदाचं, भारी. त्यातला लेखक पहिल्या पानापासूनच हुशार होता आणि शेवटपर्यंत हुशारच राहिला. त्याचं कुठेच काही बिघडलं नाही. त्याच्या उदाहरणातली बँक एकच, हॉटेल एकच, आणि दोघंही शहाणे. दोन गिऱ्हाइकांना तीच गोष्ट जराशी वेगळी हवी असेल तर काय करायचं, हे त्याला विचारावं असं कुणाला वाटलंच नव्हतं.

त्या शोधात माझी एक कसोटी तयार झाली, ती मी आजही वापरते. दुकानात पुस्तक हातात आलं की मी सुरुवात वाचत नाही. सुरुवातीला सगळेच लेखक गोड बोलतात. मी मधलं पान काढते आणि पाहते, लेखक कुठे स्वतःचीच मोडतोड दाखवतो का. हे असं केलं, ते बिघडलं, मग असं केलं. आणि दुसरं, तो कुठे ‘हे करू नका’ म्हणतो का. पुन्हा वापरता येईल असं काही बनवू नका, इथे साधं लिहा आणि पुढे जा, असं सांगणारा लेखक भेटला की मी पुस्तक काखेत मारते. अशी पुस्तकं बहुधा बारीक असतात. त्यांची जाहिरात कुणी करत नाही.

माझं पुस्तक मला अभ्यासिकेत सापडलं. गावातल्या एका वाचनालयाची ती अभ्यासिका, भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी भरलेली. मी तिथे गेले होते ती संगणकाचं कपाट पाहायला, आणि त्यात टायपिंग आणि टॅली याखेरीज काही नव्हतं. पाणी प्यायला वळले तर स्पर्धा परीक्षेच्या रॅकमध्ये, चालू घडामोडी आणि बुद्धिमत्ता चाचणीच्या मधोमध, एक सडपातळ इंग्रजी पुस्तक उभं. सॉफ्टवेअरचे पुन्हा वापरायचे भाग कसे घडवावेत यावरचं. इथे कसं आलं हे नाव वाचल्यावर कळलं. नावात ‘पॅटर्न’ हा शब्द होता.

आता पॅटर्न म्हणजे आपल्याकडे काय, हे कुणाला सांगायला नको. पेपरचा पॅटर्न, बदललेला पॅटर्न, अमक्या गावचा पॅटर्न, तमक्या क्लासचा पॅटर्न. मराठी माणसानं हा शब्द परीक्षेला देऊन टाकला आहे. ग्रंथपालबाईंनीही तेच केलं होतं. मी त्यांना अगदी नम्रपणे सांगितलं की हे परीक्षेचं नाही, मला घरी न्यायला द्या.

“नावातच पॅटर्न आहे ना? मंग?” त्या म्हणाल्या. “अन् परीक्षेचं पुस्तक घरी नेता येत नाही. इथंच बसून वाचा लागते.”

रॅक बदलायचा तर समितीच्या बैठकीत विषय ठेवावा लागणार होता, आणि समिती दिवाळीनंतर बसणार होती. मी इथंच बसले.

पुस्तकात माझ्याआधी बरेच जण येऊन गेले होते. पहिल्या पानावर पेन्सिलीनं कुणीतरी ‘प्रश्नपत्रिका मागे आहे का?’ असं विचारलं होतं आणि खाली दुसऱ्या अक्षरात ‘नाही’ असं उत्तर होतं. मी मुलींच्या ओळीत, खिडकीजवळ जागा धरली. शेजारी एक मुलगी महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं ओठांत घोळत असायची, आणि तिच्या त्या गुणगुणण्यात माझं वाचन छान लागायचं. त्या दिवसांतलं ऊन मला अजून आठवतं. टेबलावरून सरकत सरकत ते माझ्या पानावर यायचं, तिच्या नद्यांवर जायचं, आणि मग आम्ही दोघी खुर्च्या हलवायचो. एकदा तिनं विचारलं, ताई, तुमची कोणती भरती? मी म्हटलं, मारेगावची. किती जागा? एकच, म्हटलं. तिला माझी दया आली. घरून आणलेल्या चिवड्यातला अर्धा तिनं माझ्यासमोर सरकवला.

लेखकाचं ते पान मी उभ्या आयुष्यात विसरणार नाही. त्याचा अर्थ आमच्या भाषेत असा: जो भाग तुम्हाला दहा ठिकाणी वापरायचा आहे, त्याला आपण कुठे आहोत हे कळू देऊ नका. त्याला ठावठिकाणा बाहेरून सांगा, जेवढा लागेल तेवढाच. वाचलं आणि मी पुस्तक पालथं ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या काट्याच्या तुकड्यात नेर बसलं होतं. वजन करणाऱ्याच्या पोटात आम्ही गाव, मालकाचं नाव, ओलाव्याचा नियम, पावतीचा कागद, सगळं कोंबलं होतं. काट्यानं फक्त दोन वजनं घ्यायची आणि फरक सांगायचा. तो कोणत्या गावात उभा आहे हे त्याला कशाला ठाऊक हवं? लेखक पुढे हेही सांगत होता की एखादी गोष्ट एकदाच लागत असेल तर तिचा पुर्जा करायच्या भानगडीत पडू नका, ती दोन-तीनदा वेगवेगळ्या दारांत लिहून पाहा, म्हणजे बदलतं काय आणि टिकतं काय ते दिसेल. आमच्याकडे तर चार दारं होती. ज्या कॉप्यांची मला लाज वाटत होती त्याच आता कामाला आल्या. चार फोल्डर शेजारी शेजारी उघडून आम्ही दोघींनी पाहिलं, काय चारही ठिकाणी सारखं आहे. तेवढं उचललं, बाकी सगळं बाहेर काढलं.

हल्ली मला कॉलेजांमधून बोलावतात. तिथे हमखास कुणीतरी उठून विचारतं, मॅडम, तुम्ही बंजारा समाजातल्या, तुमच्या आईच्या भरतकामातून तुम्हाला ही कल्पना सुचली असेल ना? हो म्हटलं तर टाळ्या पडतील, मला ठाऊक आहे. पण मी हो म्हणत नाही. याडी, म्हणजे माझी आई, जुन्या घागऱ्यावरची आरशांची पट्टी उसवून नव्या घागऱ्याला लावते हे खरं. फार देखणं काम आहे ते. मी एकदा तिलाच सांगितलं की लोक असं असं म्हणतात. ती सुई तोंडात धरून ऐकत होती. सुई काढून म्हणाली, “जुन्याचे आरसे नव्याले लावले म्या. त्यात तुले कॉम्प्युटर कुठं दिसला?” मी पुस्तकातून शिकले. यवतमाळच्या अभ्यासिकेत, खुर्चीवर बसून, डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकले. आमच्यासारख्यांनी काही शिकलं की ते रक्तातून आलं, मातीतून आलं असं लोकांना का वाटतं कोण जाणे. आम्हाला वाचता येतं.

दिवाळीत दोघींनी घरी फक्त तोंड दाखवलं. नीताच्या शेतात सीतादही झाली. वेचणी सुरू करायच्या आधी शेतात दहीभात ठेवून पूजा करतात ती. दहीभाताचं बोट चाटत ती तशीच ऑफिसात आली. खालच्या कृषी केंद्रात रब्बीच्या हरभऱ्याची पोती उतरत होती, आणि वर आम्ही नेर काढून पुन्हा नेर घालत होतो, मारेगाव घालून पाहत होतो, मुद्दाम नसलेल्या गावांची नावं घालत होतो. नीतानं एकदा पावतीवर ‘लंडन जिनिंग’ छापून भिंतीला चिकटवलं. काटा बिचारा निमूट वजन सांगत राहिला.

मग दिवाळी सरली आणि मी मारेगावला गेले. करंजी गावाच्या पुढे दोन्ही बाजूंना कापसाची शेतं पांढरीशुभ्र फुटली होती, बायका कमरेला ओटी बांधून वेचत होत्या, आणि मधल्या ओळींत तूर पिवळ्या फुलांनी भरलेली. एस.टी.च्या खिडकीशी मी लॅपटॉप पोटाशी धरून बसले होते. भीती वाटत होती का? थोडी. पण भीतीच्या खाली एक घट्ट जमीन लागत होती. आपण काय केलंय आणि का केलंय, हे मला पहिल्यांदाच नीट सांगता येत होतं.

राऊतकाकांच्या दारात गाड्यांची रांग खरंच सडकेपर्यंत आली होती. आवारात कापसाचे ढीग, हवेत तंतू, कीबोर्डच्या बटणांमध्ये तंतू, पापण्यांवर तंतू. पहिली गाडी चढली, उतरली, रिकामी परत आली. पावती निघाली. राऊतकाकांनी ती घेतली, वरची ओळ वाचली, खालची वाचली, आणि कास्तकाराला दिली. मग दुसरी. मग तिसरी. दुपारपर्यंत ते केबिनच्या दारात तसेच उभे. प्रत्येक पावती त्यांच्या हातातून जायची. माझ्या पोटात सकाळपासून एक कप चहा होता, आणि तो प्यायल्याचंही मला आठवत नव्हतं.

उन्हं कलताना ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. रस्त्यापलीकडे त्यांच्याच भावाचं तुरीच्या खरेदीचं शेड होतं, ते मला दाखवलं. कापूस चालला, ठीक. पण पुढं तूर येईन. तुरीले ओलाव्याचा नियम येगळा, चाळणी लावा लागते, पावती येगळी. तिच्यासाठी तुमाले पुन्हा सगळं नव्यानं लिवा लागन, अन् तवा पुन्हा हाच घोळ होईन, असं त्यांचं म्हणणं. बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, काट्याकडे पाहत होते. नागपूरवाल्याचा विषय त्यांच्या डोक्यातून गेलेला नाही, हे मला कळलं.

मी विचारलं, तुरीची पावती कशी हवी. त्यांनी सांगितली. मी काट्याच्या पुर्ज्याला हात लावला नाही. कापूस हे नाव बाहेरून जात होतं, तिथे तूर पाठवली. ओलाव्याचा नियम बाहेरून जात होता, तिथे त्यांनी सांगितलेला नियम लिहिला. चाळणीतल्या कचऱ्याची एक कपात नवीन होती, ती वेगळी लिहून जोडली. मग रांगेतली पुढची गाडी काट्यावर आलीच होती, तिची भरली-रिकामी दोन्ही वजनं गमतीनं तुरीच्या नावावर घेतली आणि पावती छापली. शेतात तूर अजून फुलावर होती, शेंगही धरली नव्हती, आणि तिची पावती राऊतकाकांच्या हातात होती.

त्यांनी ती बराच वेळ वाचली. भावाला हाक मारली, त्यालाही वाचायला दिली.

“आतापासून तुमीच पाहा आमचं,” ते म्हणाले. “कापूस बी अन् तूर बी.”

मी हो म्हटलं, बाहेर आले आणि सरकीच्या रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसले. नीताला फोन केला, ती नुसती हसत राहिली, मग नाक ओढल्याचा आवाज आला. मग मी पुण्याला फोन लावला. तिकडची मुलगी फार गोड बोलायची. मी येणार नाही म्हटल्यावर तिचा आवाज काळजीचा झाला. यवतमाळ जिल्हा म्हटलं की लोकांचा आवाज आपोआप तसा होतो, मला सवय आहे.

काही घरची अडचण आहे का, तिनं विचारलं. अडचण असेल तर आपण तारीख पुढे ढकलू.

“अडचण नाही,” मी म्हटलं. “मला इथं काम आहे.”